समकालिक घटना : सिम्युलेशनमधील क्रम व डिबगरने तपासणी

विविक्त घटना सिम्युलेशनमध्ये ज्या दोन किंवा अधिक घटनांची नियोजित वेळ एकच असते, त्यांना समकालिक घटना म्हणतात. या पद्धतीत सिम्युलेशनचे घड्याळ एका घटनेच्या वेळेवरून थेट पुढच्या घटनेच्या वेळेवर जाते. वेळ एकच असली, तरी साधा प्रोग्रॅम घटना एकापाठोपाठ एकच हाताळतो. म्हणून त्यांचा क्रम निकाल बदलू शकतो.

उदाहरण : नवी मुंबईलगत न्हावा शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. अशा बंदरातील कंटेनर यार्डाचे छोटे काल्पनिक प्रतिमान घेऊ. यार्डात एक क्रेन आहे आणि तिच्यापुढे एकाच ट्रेलरला थांबण्याची जागा आहे. ती भरलेली असल्यास आलेला ट्रेलर वाहनतळाकडे परत पाठवायचा, असा नियम आहे. ६००व्या मिनिटाला क्रेनखालच्या ट्रेलरचे काम संपते. दुसरा थांबलेला आहे. त्याच मिनिटाला तिसरा येतो. ‘काम संपले’ ही घटना आधी हाताळली, तर दुसरा क्रेनखाली जातो आणि तिसऱ्याला जागा मिळते. ‘ट्रेलर आला’ ही आधी हाताळली, तर तिसरा परत जातो. वेळा पूर्ण मिनिटांत नोंदवल्या की असे प्रसंग वाढतात आणि वाहनतळ केवढा हवा, हा निष्कर्षही बदलू शकतो.

क्रमाचे नियम : पायथॉन भाषेतील सिमपाय ही सिम्युलेशन लायब्ररी आधी वेळ, मग प्राधान्य आणि शेवटी घटना रांगेत टाकल्याचा अनुक्रमांक पाहते. बर्नार्ड झीगलर यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या डेव्हस पद्धतीत समकालिक घटनांतून निवडीसाठी स्वतंत्र फलन असते.

डिबगरने तपासणी : रांगेतून घटना काढली जाते त्या ओळीवर सशर्त ब्रेकपॉइंट लावतात; काढलेल्या आणि पुढच्या घटनेची वेळ सारखी असेल तेव्हाच प्रोग्रॅम थांबतो. मग एकेक घटना पुढे सरकवत क्रेनची स्थिती व थांबलेल्या ट्रेलरांची संख्या पाहतात. थांबलेल्या अवस्थेत सिम्युलेशनचे घड्याळ पुढे सरकत नाही, त्यामुळे एकाच थ्रेडवरचा क्रम तपासणीने बिघडत नाही. सिमपायची रांग हीप स्वरूपात असते; डिबगरमध्ये दिसणाऱ्या यादीतील फक्त पहिली घटना सर्वांत आधीची असल्याची खात्री असते. बाकीचा क्रम वाचण्यासाठी यादीची प्रत काढून ती क्रमाने लावावी लागते. दशांश वेळांबाबतही सावध राहावे लागते : संगणकाच्या द्विमान अंकगणितात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, म्हणून समकालिक मानलेल्या घटना प्रत्यक्षात किंचित पुढेमागे पडतात. वेळ पूर्णांक सेकंदांत ठेवल्यास ही अडचण टळते.

शेवटी यादृच्छिक संख्यांचे बीज तेच ठेवून क्रम उलटा करतात आणि दोन्ही निकाल ताडून पाहतात. निकाल बदलला, तर बंदरातील प्रत्यक्ष कामकाजाशी जुळणारा क्रम प्राधान्याच्या रूपाने प्रतिमानात स्पष्ट नोंदवावा. तो अनुक्रमांकाच्या योगायोगावर सोडणे ही प्रतिमानातील चूकच ठरते.