टेबलावरची कोळशाची खाण

दिवाळीत महाराष्ट्रातली मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. आपल्याकडे नाताळात ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या दारात गोठा उभा राहतो. त्यात येशूजन्माच्या देखाव्याबरोबर डोंगर, वाट, विहीर, गुरे असे आख्खे गाव मांडलेले असते. आपल्या भोवतालचे जग लहान करून मांडावे आणि वरून न्याहाळावे, ही माणसाची हौस फार जुनी आहे. युरोप-अमेरिकेत या हौसेने गेल्या शतकात एक वेगळे रूप घेतले. ते म्हणजे मॉडेल रेल्वे. पुण्याच्या कोथरूडमधले जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल त्यांना हा प्रकार सांगायला नको. टेबलाएवढ्या फळीवर रूळ, सिग्नल, स्टेशन, पूल आणि त्यातून धावणारी, बोटभर उंचीची गाडी. या संपूर्ण मांडणीला 'लेआऊट' म्हणतात.

इंग्लंडमध्ये या छंदात एक विषय वारंवार येतो, तो म्हणजे कोळशाची खाण. वरवर पाहता आश्चर्य वाटावे. निसर्गरम्य घाट, समुद्रकाठचे स्टेशन सोडून माणसे काळ्या धुळीचे देखावे का करतात? एक कारण अगदी व्यवहारातले आहे. खाणीला जागा थोडी लागते, आणि गाडीला तिथे सतत काम असते. रिकाम्या वाघिणी आत न्यायच्या, भरलेल्या बाहेर काढायच्या. दुसरे कारण इतिहासातले आहे, आणि ते अधिक खोल आहे. रेल्वेचा जन्मच मुळी कोळशाच्या खाणीच्या दारात झाला.

लोखंडी रुळांच्या फार पूर्वी लाकडी रूळ होते. १६०४ साली नॉटिंगहॅमजवळ वोलटन येथे हंटिंग्डन बोमाँट नावाच्या उद्योजकाने खाणीतला कोळसा वाहण्यासाठी लाकडी रुळांचा मार्ग पूर्ण केला. त्यावर घोडे गाड्या ओढत. पुढे न्यूकॅसलच्या आसपास अशा मार्गांचे जाळे झाले. डोंगरावरच्या खाणीतून टाइन नदीच्या धक्क्यापर्यंत भरलेली गाडी उताराने आपोआप खाली येई आणि रिकामी गाडी घोडा वर ओढून नेई. डरहॅम परगण्यातला कॉझी आर्च हा सुमारे शंभर फूट लांबीचा दगडी कमानीचा पूल १७२५-२६ मध्ये बांधला गेला तो अशाच कोळशाच्या गाड्यांसाठी. वाफेचे रेल्वे इंजिन तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते. पूल आजही उभा आहे.

इंजिन आले तेही खाणीतूनच. जॉर्ज स्टीफन्सन याचा जन्म १७८१ चा, वायलम गावचा. बाप खाणीतले पाणी उपसणाऱ्या यंत्रात कोळसा घालणारा कामगार. या मुलाने १८१४ मध्ये किलिंगवर्थच्या खाणीवर आपले पहिले इंजिन चालवले. त्याने वापरलेल्या रुळांची रुंदी त्या खाणीवर आधीपासून होती तीच, म्हणजे ४ फूट ८ इंच. १८२५ मध्ये स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे सुरू झाली तीही मुख्यतः कोळशासाठी, आणि त्याच मापाची. नंतर त्यात अर्धा इंच वाढला आणि ४ फूट साडेआठ इंच हे जगातल्या बहुतेक देशांचे प्रमाण माप झाले. रोमन रथांच्या चाकांशी या मापाचा संबंध जोडणारी कथा सांगितली जाते. ऐकायला ती गोड आहे, पण भक्कम पुरावा आपल्याला किलिंगवर्थच्या कोळशाच्या गाड्यांपाशीच नेऊन सोडतो.

आता टेबलाकडे वळू. १८९१ मध्ये जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत चावीवर चालणारी खेळण्यातली रेल्वे मांडली आणि रुळांची ठराविक मापे ठरवली. रूळ विकत घेत जावे आणि आपला मार्ग वाढवत न्यावा, ही सोय त्यातून झाली. इंग्लंडमध्ये मेकॅनोचा जनक फ्रँक हॉर्नबी याने १९२० पासून गाड्या विकायला काढल्या आणि १९३८ मध्ये 'हॉर्नबी डब्लो' ही लहान मापाची मालिका आली. आज ब्रिटनमध्ये सर्वाधिक चालणारे माप तेच आहे. त्यात खरी वस्तू सुमारे ७६ पट लहान केलेली असते आणि दोन रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर असते.

इथे एक गंमत आहे. हिशेब केला तर हे अंतर जवळजवळ एकोणीस मिलिमीटर हवे. साडेसोळा हे माप युरोपात रुळलेल्या ८७ पट लहान गाड्यांचे. पण ब्रिटिश इंजिने मुळातच युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने बारीक. ती ८७ पट लहान केल्यावर त्यांच्या पोटात त्या काळची विजेची मोटार मावेना. मग कारखानदारांनी इंजिन थोडे मोठे केले आणि रूळ तेवढेच ठेवले. परिणामी आज हजारो ब्रिटिश घरांतून धावणाऱ्या गाड्या, खऱ्या मापात मोजल्या तर, चार फूट दीड इंचाच्या रुळांवर धावतात. काही काटेकोर छंदिष्टांनी १९६० च्या दशकात १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वतः घडवायला घेतले. बाकीच्यांनी ती तडजोड मान्य केली. प्रत्येक प्रतिकृतीत कुठेतरी सोयीसाठी सत्य थोडे वाकवलेले असते, हे या निमित्ताने लक्षात ठेवायला हवे.

खाणीचा लेआऊट करणारा मनुष्य काय काय मांडतो? सर्वांत आधी नजरेत भरतो तो विहिरीसारख्या उभ्या खड्ड्यावरचा मनोरा. त्याच्या माथ्यावर दोन मोठी चाके, चाकांवरून दोर, आणि दोराला माणसे व कोळसा वर आणणारा पिंजरा. शेजारी दोर गुंडाळणाऱ्या इंजिनाचे घर. मग चाळणघर, तिथे कोळसा आकाराप्रमाणे वेगळा होऊन खाली उभ्या वाघिणींत पडतो. चाळणघराच्या एका बाजूला रिकाम्या वाघिणींच्या रांगा, दुसऱ्या बाजूला भरलेल्यांच्या. पुढे वजनकाटा, आणि त्याहीपुढे खाणीचे छोटे इंजिन आपला माल मोठ्या रेल्वेच्या हवाली करते ती जागा. वाघिणींत घालायचा कोळसा मात्र बहुधा खरा असतो. हातोडीने फोडायचा, चाळायचा आणि पातळ डिंकाने चिकटवायचा.

मग काळ ठरवावा लागतो. इथे छंदिष्टाला इतिहासकार व्हावे लागते. वाघिणीवर खाणमालकाचे किंवा कोळसा-व्यापाऱ्याचे नाव मोठ्या रंगीत अक्षरांत असेल, तर काळ दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा. १ जानेवारी १९४७ ला ब्रिटनमधल्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि बरोबर एका वर्षाने रेल्वेचे. त्यानंतर एकसारख्या करड्या वाघिणींचे राज्य सुरू झाले. खाणीच्या आवारात कामगारांच्या आंघोळीची इमारत असेल, तर काळ साधारण १९२० च्या दशकाच्या अलीकडचा. त्याआधी कामगार काळाठिक्कर होऊन घरी येई आणि चुलीसमोर पत्र्याच्या टबात अंग धुई. पाणी तापवणे, टब उपसणे, कपडे झटकणे हे काम बायकोचे. एक इमारत मांडली की तिच्या मागे हे एवढे घर येते.

पण टेबलावर जे येत नाही त्याचे काय? माझ्या मते या विषयाचा गाभा इथे आहे. यॉर्कशरमधली केलिंग्ली खाण सुमारे ८०० मीटर खोल होती. ७६ ने भागले तर साडेदहा मीटर होतात. म्हणजे लेआऊटचे टेबल चौथ्या मजल्यावर ठेवले, तर खाणीचा तळ जवळपास रस्त्याला लागेल. टेबलावर दिसते ते खाणीचे दार. खाण दिसतच नाही. आणि ज्या माणसांमुळे ती खाण चालते, ती कामाच्या वेळी या दृश्यात नसतातच.

त्या न दिसणाऱ्या भागात कोण होते? ४ जुलै १८३८ रोजी यॉर्कशरमधल्या सिल्कस्टोन गावी वादळी पावसात ओढ्याला पूर आला आणि पाणी हस्कर खाणीच्या एका तिरप्या वाटेत शिरले. बाहेर पडू पाहणारी २६ मुले बुडून मेली. सर्वांत धाकटी सात वर्षांची होती. देश हादरला, चौकशी आयोग बसला आणि १८४२ च्या कायद्याने सर्व स्त्रिया आणि दहा वर्षांखालील मुलगे यांना जमिनीखाली काम करण्यास बंदी झाली. त्यापूर्वी हवेचे दरवाजे उघडण्या-मिटण्यासाठी लहान मुले तासन् तास अंधारात बसवलेली असत. आपल्याकडेही २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाळा खाणीत पाणी घुसून ३७५ माणसे गेली. 'काला पत्थर' चित्रपटामागे तीच घटना होती.

आणखी एक गोष्ट बऱ्याच लेआऊटवर नसते, किंवा मागच्या पडद्यावर पुसटशी रंगवलेली असते. ती म्हणजे टाकाऊ दगडमातीचा ढीग. कोळशाबरोबर जे निरुपयोगी वर येते ते कुठेतरी टाकावे लागतेच. दक्षिण वेल्समधल्या अ‍ॅबरफॅन गावाच्या डोक्यावर असे सात ढीग रचलेले होते. सातवा झऱ्यांवर रचलेला होता. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी सव्वानऊच्या सुमारास तो पाण्याने भिजून सुटला आणि खालच्या शाळेवर आला. १४४ माणसे मेली, त्यांत ११६ मुले. चौकशीत दोष राष्ट्रीय कोळसा मंडळावर आला. ज्याने हा ढीग आपल्या लेआऊटवर नीट, त्याच्या खऱ्या उंचीने आणि गावापासूनच्या खऱ्या अंतराने मांडला, त्याने खाण समजून घेतली असे मी म्हणेन.

लेआऊट हा इतिहासाचा दस्तऐवज होऊ शकतो का? होऊ शकतो. ऑस्ट्रेलियातून १९२५ मध्ये इंग्लंडला आलेल्या रॉय इंग्लंड नावाच्या तरुणाने आपल्या डोळ्यांदेखत जुनी गवती छपराची घरे बदलत चाललेली पाहिली. त्याने ती मोजून, तपशिलासह, पुठ्ठ्यात उतरवायला घेतली. त्यातून उभे राहिलेले पेंडन संग्रहालय आज १९२० आणि ३० च्या दशकांतला ग्रामीण इंग्लंड दाखवते. खाणींच्या बाबतीत ही निकड आणखी मोठी. १९८४-८५ च्या वर्षभराच्या संपाच्या वेळी ब्रिटनमध्ये दीडशेहून अधिक खोल खाणी होत्या. १८ डिसेंबर २०१५ ला केलिंग्ली बंद झाली आणि खोल खाणींचा अध्याय मिटला. ३० सप्टेंबर २०२४ ला कोळशावरचे शेवटचे वीजकेंद्रही थांबले. मनोरे पाडले गेले, रूळ उखडले गेले, ढिगांवर गवत उगवले. अनेक गावांत खाणीचा मनोरा आता फक्त छायाचित्रांत आणि कुणाच्या तरी टेबलावर उरला आहे.

हे सारे वाचताना गोमंतकीय वाचकाला आपले काही आठवले नाही तर नवल. आपल्याकडे कोळसा निघत नाही, लोहखनिज निघते. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांनी खाणींची भरभराट पाहिली, २०१२ ची बंदी पाहिली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्टे रद्द केल्यानंतरची सामसूमही पाहिली. टिपरांच्या रांगा, मांडवी-जुवारीतले बार्ज, मुरगावचा धक्का हे सगळे आपल्या दोन पिढ्यांचे जीवन होते. आणि 'डंप' हा शब्द तर आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक. पावसात त्याची माती शेतात उतरली की काय होते हेही ठाऊक. कोळसाही आपल्याला परका राहिलेला नाही. तो मुरगाव बंदरात परदेशातून उतरतो आणि रेल्वेने घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला लोक रात्री रुळांवर बसले ते या वाहतुकीच्या आणि लोहमार्गाच्या दुपदरीकरणाच्या विरोधात. कोळशाने रेल्वेला जन्म दिला, आणि दोनशे वर्षांनी आपल्या दारात रेल्वेचा वाद पुन्हा कोळशाशीच येऊन भिडला.

आपल्या खाणींची नोंद कोण ठेवणार, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. सरकारी कचेरीत काम करणाऱ्या माणसाला पट्ट्यांचे क्रमांक आणि टनांचे आकडे फाइलींत सापडतात. मनुष्य त्यांत सापडत नाही. कोणी हौशी गोमंतकीय उद्या फळी, पुठ्ठा आणि रंग घेऊन बसला तर उत्तमच. त्याने बार्ज करावा, जेटी करावी, टिपर करावेत. सोबत डंपही करावा, त्याच्या पायथ्याचे लाल झालेले शेत करावे, आणि रस्त्याकडेच्या घराच्या खिडकीला धूळ अडवण्यासाठी बांधलेले ओले कापडही करावे. ७६ पट लहान केले तर ते कापड नखापेक्षा थोडे मोठे होईल, पण त्याला जागा ठेवायला हवी.