टीव्हीवरचा पहाटेचा बाजार : कवच, पट्टा आणि गुडघ्याचं तेल



पहाटे धारा काढायला उठणाऱ्या माणसाला टीव्हीवरचा एक वेगळाच बाजार माहीत असतो. कोणी गृहस्थ हात जोडून सांगत असतो, "माझा धंदा पार बुडाला होता, मग हे यंत्र घरी आणलं..." पुढचं आपल्याला तोंडपाठ आहे. खाली फोन नंबर, बाजूला उलटं पळणारं घड्याळ आणि पाच हजारांवर काट मारून लिहिलेले अडीच हजार. या बाजाराचा इतिहास आज लिहितोय, कारण तो बंद पडलेला नाही. तो टीव्हीतून निघून आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये येऊन बसलाय.

बोलून माल खपवणं काही नवीन नाही. यात्रेत, आठवडे बाजारात चादर अंथरून जडीबुटी विकणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. आणि कवठे येमाईला तर बोलण्याची ताकद काय असते हे कोणी शिकवायला नको. तमाशाच्या फडांसाठी लावण्या आणि वग लिहिणारे दिवंगत लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर याच गावचे. फडावर काय, बाजारात काय, एक गोष्ट सारखीच : समोरचा माणूस उलटून बोलू शकतो. वग रंगला नाही तर शिट्ट्या पडतात. बाजारात मागच्या खेपेचं गिऱ्हाईक सगळ्यांसमोर विचारतं, "मागच्या बाजारी नेलेल्या मुळीनं काय फरक पडला रे?" विकणाऱ्याला पुन्हा त्याच गावात यायचं असतं, त्यामुळे थापेलाही मर्यादा राहते. टीव्हीनं नेमका हा उलटून विचारणारा माणूस काढून टाकला. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सार एवढंच आहे.

याची सुरुवात मात्र टीव्हीच्या खूप आधी झाली. भारतात टपाल खात्यानं १८७७ साली व्ही.पी.पी. सुरू केली. पोस्टमन पार्सल घेऊन दारात येणार, आधी पैसे मोजायचे, मग खोका उघडायचा. व्यापाराला ही मोठी सोय झाली. खेड्यातल्या माणसाला पुस्तकं, बियाणं, घड्याळं घरबसल्या मिळू लागली. पण त्याच वाटेनं 'हमखास गुणाची' औषधंही आली. विकणारा शेकडो मैल लांब, तक्रार करायची कोणाकडे? आजची 'कॅश ऑन डिलिव्हरी' ही त्याच व्ही.पी.पी.ची नात.

हे प्रकार सरकारला माहीत नव्हते असं नाही. १९५४ सालीच संसदेनं औषधं आणि जादूई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा केला. त्याच्या यादीत ५४ आजार आणि अवस्था आहेत. मधुमेह, कर्करोग, संधिवात, लठ्ठपणा, एवढंच काय, माणसाची उंचीसुद्धा! यातलं काही बरं करतो अशी औषधाची जाहिरात करायलाच बंदी. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि गंमत म्हणजे 'जादूई उपाय' म्हणजे काय हे सांगताना या कायद्यानं ताईत, मंत्र आणि 'कवच' हे शब्द थेट वापरलेत. म्हणजे टीव्हीवर कवच विकायला आलं त्याच्या कितीतरी आधी ते कायद्याच्या पुस्तकात बसलेलं होतं.

पुढे १९८४ साली अमेरिकेत टीव्हीवरच्या जाहिरातींच्या वेळेची मर्यादा उठवली गेली आणि अर्ध्या अर्ध्या तासाच्या जाहिराती सुरू झाल्या. आपल्याकडे १९९२ नंतर खासगी वाहिन्या वाढल्या आणि त्यांच्या मागोमाग हा मालही आला. गोऱ्या माणसांच्या तोंडी हिंदी घातलेलं असायचं. पोट कमी करणारा पट्टा, व्यायामाचं यंत्र, कधीच बोथट न होणारे चाकू. रिकामी वेळ वाहिनीला स्वस्तात विकायची असते, विकणाऱ्याला दुकानाचं भाडं नसतं, गिऱ्हाईक फोनवर मिळतं. गणित सोपं होतं.

सगळाच माल खोटा होता असं मी म्हणणार नाही. भाजी चिरायच्या यंत्रानं बऱ्याच घरांत वर्षानुवर्षं काम केलं. चाकू कांद्यावर चालवून बघता येतो, आणि आपल्या भागात कांद्याला काय तोटा! पण कवच कशावर चालवून बघणार? म्हणूनच पुढे पट्टे आणि चाकू मागे पडले आणि यंत्रं, नजर-कवचं, सांधेदुखीची तेलं पुढे आली. ज्याची परीक्षाच घेता येत नाही त्या मालाची तक्रारही सिद्ध होत नाही.

केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की सिद्ध करायला अवघड असे चमत्कारी गुण जाहिरातीत सुचवायचे नाहीत, आणि जाहिरात कार्यक्रमापासून वेगळी ओळखू आली पाहिजे. आता तुम्हीच सांगा, सूत्रसंचालक, पाहुणे, टाळ्या वाजवणारे प्रेक्षक असलेली ती अर्ध्या तासाची जाहिरात कार्यक्रमापासून वेगळी दिसते का?

कागदावरच्या नियमाला जाग आणली ती मराठवाड्यातल्या एका शिक्षकानं. टीव्हीवर हनुमान चालीसा यंत्राची जाहिरात बघून त्यांनी २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दाद मागितली. तोवर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आलेला होता. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं लढा दिला, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये पुण्यात त्यांचा खून झाल्यावर काही दिवसांत वटहुकूम निघाला. याच कायद्याच्या आधारे जानेवारी २०२१ मध्ये खंडपीठानं निकाल दिला : देवाच्या नावानं चमत्कारी शक्तीचा दावा करून अशी यंत्रं विकणं आणि त्याची जाहिरात करणं बेकायदा आहे, आणि जाहिरात दाखवणारी वाहिनीही जबाबदार आहे. हा निकाल देवाविरुद्ध नाही, भक्तीविरुद्ध तर अजिबात नाही. येमाईला नारळ फोडायला कोणी अडीच हजार मागत नाही.

आता मोबाईल. व्हिडिओत कोणी पांढरा कोट घालून सांगतो, "शुगरची गोळी बंद, हा काढा सुरू." माझी खरी काळजी इथे आहे. यंत्रात पैसे बुडतात, ते एका हंगामात भरून निघतील. पण चालू गोळी बंद करून काढ्यावर बसलेल्या माणसाची किडनी किंवा डोळे परत मिळत नाहीत. आणि पहाटे टीव्ही निदान चारजण मिळून बघायचे, कोणीतरी "थापा मारतोय" म्हणायचं. मोबाईल आपली म्हातारी माणसं एकटीच बघतात.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड ठेवलाय, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. नीट खात्री न करता जाहिरातीत शिफारस करणाऱ्या नटालाही तो लागू होऊ शकतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५, फोन फुकट आहे, तक्रार मराठीतही सांगता येते. बिल, खोका, पाकिटावरचा पत्ता आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट टाकून देऊ नका, तोच पुरावा.

बाजारातला तो उलटून विचारणारा माणूस आता घराघरात आपणच व्हायला पाहिजे. तुमच्या घरी असं काय काय आलं, किती पैसे गेले, खाली कमेंटमध्ये लिहा. लाजू नका, वाचून दुसऱ्या कोणाचे तरी वाचतील. आणि ही पोस्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना नुसती फॉरवर्ड करू नका, शेजारी बसून वाचून दाखवा.