पार्ट्रिजची पिले आणि शेतातले तण

अन्नसाखळी शिकवताना आपण फळ्यावर गवत, हरिण, वाघ अशी नावे लिहून बाण काढतो. या बाणांमध्ये शेतकऱ्याचा नांगर नेमका कुठे येतो, हे समजायला इंग्लंडमधील ग्रे पार्ट्रिज या पक्ष्याचा इतिहास आम्हांला फार उपयोगी वाटतो. आपल्या तितराच्याच कुळातला हा पक्षी. तिकडे तो धान्याच्या शेतांत राहतो आणि शिकारीसाठी प्रसिद्ध आहे.

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत तेथील सामाईक जमिनी कायदे करून खाजगी झाल्या. गरीब शेतकरी त्यात भरडले गेले, तो इतिहास वेगळा. पण नव्या शेतांभोवती काटेरी झुडपांची जिवंत कुंपणे वाढली आणि त्यांच्या बुंध्याशी वाळल्या गवतात पार्ट्रिजला घरट्याची जागा मिळाली. गहू, सलगम, बार्ली आणि क्लोव्हर अशी पिकांची फेरपालट होई. बार्ली उभी असतानाच तिच्यात क्लोव्हर पेरत, म्हणून कापणीनंतर ती जमीन लगेच नांगरली जात नसे. ही बारीकशी गोष्ट लक्षात ठेवावी.

१८७० ते १९३० या काळात ब्रिटनमध्ये दरवर्षी सुमारे २० लाख पार्ट्रिज मारले जात, तरी ते टिकून होते. एक मादी १५ च्या आसपास अंडी घालते. शिवाय जमीनदारांचे रखवालदार कोल्हे, कावळे, आणि दुर्दैवाने शिकारी पक्षीही मारत.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र संख्या कोसळू लागली. आश्चर्य असे, की शिकार कमी केली तरी घसरण थांबेना. कोणी थंड, पावसाळी जूनला दोष दिला, तर कोणी रोगाला. येथे जमीनदारांच्या वह्या उपयोगी पडल्या. आज किती पक्षी पडले, याची नोंद हौसेने आणि थोड्या बढाईने ठेवण्याची त्यांची रीत होती. पुढे १९६१ पासून अशा नोंदी देशभर एकत्र करण्याचे काम सुरू झाले.

१९६८ मध्ये डिक पॉट्स या शास्त्रज्ञाने ससेक्स परगण्यात अभ्यास सुरू केला. पक्षी मोजायचेच, पण त्याबरोबर दरवर्षी जूनमध्ये सुमारे १०० शेतांतले कीटक यंत्राने शोषून घेऊन तेही मोजायचे, अशी त्याची पद्धत होती. कारण मोठा पार्ट्रिज दाणे व पाने खात असला, तरी पिलांना पहिले दोन आठवडे कीटकच लागतात. पूर्वी निम्म्याच्या आसपास पिले जगत. तणनाशके आल्यावर हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याजवळ आले.

तणनाशकाने पिले विषबाधा होऊन मरत नव्हती. तण मेले, तणावरचे किडे गेले, आणि पिले उपाशी पडली. सॉफ्लाय या कीटकाच्या अळ्या हे पिलांचे आवडते खाद्य. त्या हिवाळा जमिनीत काढतात. क्लोव्हर पेरलेल्या न नांगरलेल्या जमिनीत त्या वाचत. रासायनिक खते आल्यावर क्लोव्हरची गरज संपली, नांगर लगेच फिरू लागला. यंत्रांना सोयीचे म्हणून कुंपणेही उपटली गेली. रखवालदार कमी झाल्याने घरटी लुटली जात, हेही एक कारण पॉट्सने हिशेबात धरले. सगळा दोष एकाच गोष्टीवर न टाकण्याची त्याची ही सावधगिरी आम्हांला विशेष वाटते.

१९८० नंतरच्या दशकात धान्याच्या शेतांच्या कडेचा सहा मीटरचा पट्टा जवळजवळ बिनफवारणीचा ठेवून पाहिला, तर तेथे अधिक पिले जगली. ससेक्समध्येच अरुंडेलजवळच्या एका जमिनीवर २००३ च्या सुमारास पार्ट्रिजच्या मोजक्याच जोड्या उरल्या होत्या. तेथे कुंपणे, गवताचे बांध आणि मिश्र पिके परत आणली, रखवालीही वाढवली, आणि काही वर्षांत जोड्या शेकड्यांत गेल्या.

देशभर असे झालेले नाही. ब्रिटनमध्ये आता शिकारीसाठी पिंजऱ्यात वाढवलेले कोट्यवधी फेझंट दरवर्षी सोडले जातात, आणि त्यांच्या पिलांना शेतातल्या अळ्यांची गरजच पडत नाही.