लेबेदेव, म्हणजे आपले राजहंस

आपल्याकडे नवी ओळख झाली आणि नुसतं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "आडनाव काय?" तो कशासाठी विचारलाय हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. आडनावावरून जात आणि जातीवरून माणूस, असा हा झटपट हिशेब. तो किती कच्चा आहे हे बघायला आज जरा लांब जाऊ, थेट रशियात.

रशियन भाषेत 'लेबेद' म्हणजे राजहंस. त्याला 'एव' लागलं की 'लेबेदचा', म्हणजे लेबेद नावाच्या माणसाचा मुलगा. स्त्री असेल तर लेबेदेवा. रशियात सर्वांत जास्त आढळणाऱ्या पहिल्या वीस आडनावांत हे येतं. पण इतके सगळे लेबेदेव एका कुळातले मुळीच नाहीत. जुन्या काळी माणसाला पक्ष्याप्राण्यांची टोपणनावं सर्रास असत, त्यातून गावोगावी वेगवेगळे लेबेदेव झाले. चर्चच्या पाठशाळांत पाद्र्यांच्या मुलांना नवी, छानशी आडनावं द्यायची पद्धत होती, त्यातही राजहंस आवडता. आणि कित्येक शेतकऱ्यांना तर पक्कं आडनाव मिळालं ते १८६१ साली भूदासपद्धती रद्द झाल्यानंतर, सरकारी कागदांच्या निमित्ताने. तेव्हा आडनावावरून कूळ शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

आता चार लेबेदेव बघा.

पहिला गेरासिम. यारोस्लाव्हलचा, पेशाने वादक. १७८५ साली मद्रासला उतरला, तिथून कलकत्त्याला गेला. गोलोकनाथ दास यांच्याकडे बंगाली शिकला आणि २७ नोव्हेंबर १७९५ रोजी स्वतः उभारलेल्या नाट्यगृहात एका इंग्रजी नाटकाचा बंगाली प्रयोग केला. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या! आपल्याकडे विष्णुदास भावे यांचं 'सीता स्वयंवर' आलं १८४३ मध्ये, आणि स्त्री-भूमिका पुरुषांनी करण्याची रीत त्यानंतरही कितीतरी वर्षं चालली. त्या रीतीतलं सर्वांत मोठं नाव बालगंधर्व. त्यांचं खरं आडनाव काय? राजहंस! असो. कलकत्त्यात गेरासिमचं नाट्यगृह टिकलं नाही. तो कर्जात बुडाला आणि त्याला देश सोडावा लागला.

दुसरा सर्गेई वासिल्येविच, रसायनशास्त्रज्ञ. रबराची झाडं रशियात होत नाहीत, सगळं रबर बाहेरून आणायचं. या माणसाने अल्कोहोलपासून कृत्रिम रबर करायची पद्धत बसवली आणि १९३२ मध्ये यारोस्लाव्हलला तिचा कारखाना सुरू झाला.

तिसरा सर्गेई अलेक्सेयेविच, शिक्षकाच्या घरातला. १९५० च्या सुमारास कीव्हजवळ सोव्हिएत संघातला पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक त्याच्या हाताखाली तयार झाला. पुढे त्यानेच रचलेला बीईएसएम-६ हा संगणक आपल्या मुंबईत, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही आला होता.

चौथा प्योत्र, आणि मला सर्वांत जवळचा वाटतो तो हाच. मॉस्कोच्या व्यापारी घरातला मुलगा, बापाचा धंदा सोडून भौतिकशास्त्रात शिरला. प्रकाश ज्या वस्तूवर पडतो तिला किंचित ढकलतो, असं मॅक्सवेलने गणिताने सांगितलं होतं. पण तो रेटा इतका सूक्ष्म की मोजणार कोण? प्योत्रने हवा काढलेल्या काचेच्या भांड्यात पातळ चकत्या बारीक धाग्याला टांगल्या, त्यांवर प्रकाश सोडला आणि धाग्याला पडलेल्या पिळावरून तो रेटा मोजून दाखवला. हे १९०० च्या आसपासचं. आज उपग्रहांच्या कक्षेचं गणित करताना हा रेटा धरावाच लागतो.

पण त्याची खरी परीक्षा १९११ साली झाली. विद्यार्थ्यांच्या सभांवर सरकारने बंदी घातली, पोलीस विद्यापीठात आले. कुलगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निषेध म्हणून पद सोडलं, तर शिक्षणमंत्री कासोने त्यांना प्राध्यापकपदावरूनही काढलं. मग शंभरावर अध्यापकांनी राजीनामे दिले. त्यात प्योत्र लेबेदेव होता. मागे ना मोठी मिळकत, ना धड तब्येत. हृदय आधीच दुखावलेलं. वर्षानुवर्षं उभी केलेली प्रयोगशाळा एका सहीने गेली. स्टॉकहोमहून बोलावणं आलं, तेही त्याने नाकारलं. लोकांच्या देणग्यांवर मॉस्कोत एका तळघरात काम पुन्हा सुरू केलं. पुढच्याच वर्षी, १९१२ मध्ये, तो गेला. वय ४६. मॉस्कोच्या ज्या नामवंत भौतिकशास्त्र संस्थेला पुढे त्याचं नाव दिलं गेलं, ती आजही आहे.

चौघांचं आडनाव एक. रक्ताचं नातं नाही, घरं वेगळी, धंदे वेगळे. 'लेबेदेव' एवढंच ऐकून यातलं काय कळलं असतं? काहीच नाही. कोणी काय केलं आणि वेळ आली तेव्हा काय सोडलं, हे विचारल्यावरच माणूस कळतो.

आपल्याकडेही कावळे आहेत, पारवे आहेत, राजहंस आहेत. त्या आडनावांच्या मागेही अशीच कुणाकुणाची गोष्ट असणार. पण आपल्याकडे खोली भाड्याने देताना, नोकरीला घेताना, सोयरीक जुळवताना गोष्ट ऐकायच्या आधी आडनाव ऐकतात आणि तिथेच निकाल लावून मोकळे होतात. पुढच्या वेळी कुणी नुसतं नाव सांगितलं तर तेवढ्यावर थांबू. दुसरा प्रश्न "काय करता?" असा विचारू.