'उणे एक'चं जग: व्हिडिओ गेममधल्या चुका आणि इतिहासाची साधनं

इतिहासाच्या व्याख्यानात व्हिडिओ गेम कुठून आला, असं काहींना वाटलं असेल. पण ज्यांचं बालपण नव्वदीत गेलं, त्यांना टीव्हीच्या मागे वायर खुपसून मारिओ खेळलेला आठवत असेल. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची! (हशा) तेव्हा 'मारिओ भिंतीतून आरपार जातो' असं कुणी सांगितलं असतं, तर आपण त्याला थापाड्या म्हटलं असतं. आज त्या थापाड्याची बाजू घ्यायला मी उभा आहे.

'सुपर मारिओ ब्रदर्स' १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये आला. निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला. अख्खा गेम ४० किलोबाइटचा. तुमच्या फोनमधला एक फोटोसुद्धा याच्या कितीतरी पट मोठा असतो. जागेची ही चणचण लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

पहिल्या जगातली दुसरी पातळी, १-२. तिच्या शेवटी बाहेर पडायचा पाइप आहे. पण छतावरून चालत पुढे गेलं, तर भिंतीमागे एक खोली लागते. तिथे तीन पाइप, वर आकडे ४, ३, २. म्हणजे थेट त्या त्या जगात जायचे चोरदरवाजे. आता बाहेर पडायच्या पाइपवर उभं राहून, मारिओचं तोंड डावीकडे ठेवून, अगदी नेमकी उडी मारली तर तो कोपऱ्यातल्या विटेत अडकतो. मारिओ विटेत सापडला तर त्याला बाजूला ढकलायचं, असा गेमचा नियम आहे. नियम आपलं काम चोख करतो. ढकलत ढकलत मारिओला भिंतीतून पार त्या खोलीत नेऊन सोडतो.

इथवर गंमत झाली. आता त्यामागचं कारण बघू.

या पाइपांनी कुठे न्यायचं, हे पडदा ठरावीक जागेपर्यंत सरकल्यावरच पक्कं होतं. आपण भिंतीतून आधीच घुसलो, त्यामुळे ते झालेलंच नसतं. मग गेम दुसऱ्याच खोलीची माहिती वापरतो, ४-२ मधल्या खोलीची. त्या खोलीत एकच पाइप, मधोमध, पाचव्या जगात नेणारा. डाव्या-उजव्या बाजूला पाइपच नाहीत, म्हणून तिथे आकड्याऐवजी कोरं चित्र दाखवायचं होतं. चित्रांच्या यादीत कोऱ्या चित्राचा क्रमांक ३६. तेव्हा दोन्हीकडे ३६ लिहून ठेवलं. त्याचा अर्थ एवढाच, की इथे काही नाही.

पण आपल्या खोलीत त्या जागी खरोखरचे पाइप आहेत! आपण डाव्या पाइपमध्ये शिरतो आणि गेम म्हणतो, चला, जग क्रमांक ३६. जगं तर आठच आहेत. तरी गेम बिचारा यादीची हद्द ओलांडून पुढे जे हाताला लागेल ते वाचतो, आणि समोर पाण्याखालची एक पातळी उभी राहते. पडद्यावर '३६-१' दिसायला हवं, पण ३६ म्हणजे कोरं. उरतं फक्त '-१'. म्हणून खेळणाऱ्यांनी या जागेला 'मायनस वर्ल्ड' म्हटलं. पोहत शेवटी गेलात की तिथला पाइप पुन्हा सुरुवातीला आणून सोडतो. सुटका नाही.

१९८६ मध्ये हाच गेम जपानमध्ये डिस्कवर आला. त्यात हीच युक्ती केली तर वेगळ्याच तीन पातळ्या लागतात, आणि त्या पूर्णही करता येतात. चूक तीच, पण हद्दीपलीकडे पडलेला मजकूर वेगळा. जुन्या पोथ्या ताडून पाहणारे अभ्यासक असंच करतात. दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक सापडली, की त्यांचं मूळ एक असावं, असं अनुमान निघतं. बरोबर शब्द कुठूनही आलेला असू शकतो. चूक मात्र घराणं सांगते.

आता दुसरं उदाहरण. हद्दीबाहेरची प्रत्येक जागा चुकूनच झालेली असते असं नाही. अटारी कंपनी आपल्या गेमवर प्रोग्रामरचं नाव घालत नसे. वॉरेन रॉबिनेट यांनी 'अ‍ॅडव्हेंचर' हा गेम एकट्यानं लिहिला. त्यात त्यांनी एक गुप्त खोली ठेवली. पार्श्वभूमीच्याच रंगाचा, जेमतेम दिसणारा एक ठिपका उचलून योग्य जागी नेला तरच तिथे जाता येई, आणि आत त्यांचं नाव झळके. वरिष्ठांना त्यांनी पत्ता लागू दिला नाही. पुढे त्यांनी नोकरी सोडली, आणि ती खोली शोधली कुणी? एका खेळणाऱ्या मुलानं. त्यानं कंपनीला पत्र लिहिलं तेव्हा तिथल्या लोकांना कळलं. म्हणजे कर्त्याचं नाव अधिकृत वेष्टनावर नव्हतं, ते भिंतीआड होतं.

भिंतींना टकरा देणारी ही मुलं रिकामटेकडी होती, असं म्हणणं सोपं आहे. पण विचार करा. कंपनीनं छापलेली पुस्तिका सांगते, गेम कसा असावा. गेम खरोखर कसा बांधला आहे, कुठे जागा वाचवली, कुठे घाई झाली, कुणाचं श्रेय गाळलं, हे या मुलांनी उघडं केलं.

आणि म्हणून मला काळजी वाटते ती दुरुस्तीची. १९९३ च्या 'सुपर मारिओ ऑल-स्टार्स' या नव्या आवृत्तीत मायनस वर्ल्डची वाट बुजवली गेली. खेळणाऱ्याच्या दृष्टीनं ते योग्यच. पण उद्या फक्त दुरुस्त केलेल्या प्रती उरल्या, तर ३६ म्हणजे 'काही नाही' असं लिहून कुणीतरी चार अक्षरांची जागा वाचवली होती, हे कळायला पुरावा राहणार नाही. घरात एखादी जुनी कॅसेट धूळ खात पडली असेल, तर एवढंच करा: भंगारात घालू नका. तिच्यातल्या चुका अजून शाबूत आहेत.