बोटांवरचे पोलाद

नेदरलँड्समधल्या लाकडी जोड्याला, तिथल्या भाषेत क्लोम्पनला, युरोपीय संघाच्या नियमांनुसार सुरक्षा-पादत्राण म्हणून 'सीई' चिन्ह मिळालेले आहे. पर्यटक ज्याला शोभेची वस्तू समजून घरी नेतात, तो जोडा अवजड वस्तू, टोकदार खिळा आणि आम्ल या तिन्हींपुढे टिकतो. शेतकऱ्याच्या सेफ्टी बुटाची कुळकथा इथून सुरू करावी असे मला वाटते. पायाची बोटे ठेचली जाऊ नयेत म्हणून काहीतरी टणक घालायची सोय आधी शेतात झाली, कारखान्यात नंतर.

ॲमस्टरडॅमच्या उत्खननात सापडलेला लाकडी जोडा साधारण १२३० सालचा मानतात. तो मुलूख सखल आणि पाणथळ. चामडे ओलाव्यात महिन्यांत कुजायचे आणि गरिबाला परवडायचेही नाही. विलो आणि पॉप्लर ही झाडे मात्र कालव्यांच्या काठी हवी तितकी. ओले लाकूड कोरायला मऊ असते. कोरून झाल्यावर ते सावकाश वाळवत. आत गवताचा पेंढा भरला की थंडीही अडायची. गाईने पायावर खूर ठेवला, कुदळ निसटली, ओंडका घरंगळला, तरी बोटे शाबूत राहत. फ्रान्सच्या खेड्यांत याच जातीचा जोडा 'साबो' नावाने चालत होता.

या जोड्याची उणीवही लाकडातच होती. माणूस चालताना चवड्यावर पाय दुमडतो. लाकूड दुमडत नाही. त्यामुळे टाच दर पावलाला जोड्यातून वर उचलली जाते आणि चालणाऱ्याला पाऊल ओढत टाकावे लागते. गोठ्यात, वाफ्यात, दोन बांधांच्या मध्ये हे निभावते. दिवसभर नांगरामागे चालायचे तर तो जोडा पायाला शिक्षा होतो. इंग्लंडमधल्या लँकशायरच्या गिरणी कामगारांत मधला मार्ग रूढ झाला: तळ लाकडाचा, त्याखाली लोखंडी पट्ट्या आणि वर चामडे. पाय थोडा सुटला, पण तळवा लाकडावरच राहिला. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत बुटाचे जे जे झाले ते याच अडचणीभोवती फिरते. टणकपणा माणसाला कधीच साधला होता. टणक वस्तू दिवसभर पायात ठेवता येणे, हे साधायला फार वेळ लागला.

मध्येच रबर आले. ब्राझीलमधले मूळ रहिवासी झाडाच्या चिकापासून जोडे घडवत आणि १८२० च्या दशकात ते जोडे बोस्टनच्या बंदरात उतरू लागले. पाणी त्यांत शिरत नसे. पण उन्हाळ्यात ते चिकट होऊन बसत आणि हिवाळ्यात कडक होऊन तडकत. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबरात गंधक मिसळून ते तापवण्याची युक्ती शोधली आणि १८४४ मध्ये तिचे पेटंट घेतले, तेव्हा कुठे रबर ऋतूंना पुरून उरू लागले. हा माणूस १८६० मध्ये डोक्यावर मोठे कर्ज ठेवून वारला. त्याच्या शोधावर ज्यांनी संसार उभे केले त्यांत हायरम हचिन्सन हा अमेरिकन होता. पादत्राणांसाठी पेटंटाचे हक्क घेऊन तो फ्रान्सला गेला आणि १८५३ मध्ये त्याने माँतार्जीजवळ कारखाना काढला. त्या काळी फ्रान्समधली बहुसंख्य माणसे शेतावर राबत होती, तीही लाकडी साबो घालून. दिवसाच्या शेवटी कोरड्या पायांनी घरी परतणे त्यांनी पहिल्यांदाच अनुभवले आणि ते बूट हातोहात खपले.

तिकडे इंग्लंडमध्ये उंच बुटाला ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे नाव चिकटले होते. त्याने लंडनच्या हॉबी नावाच्या चांभाराकडून जुन्या लष्करी बुटाची झालर-गोंडे काढून साधा, पोटरीला बेताचा बसणारा चामडी बूट करून घेतला होता. हा वेलिंग्टन म्हणजे आपल्या इतिहासातला आर्थर वेलस्ली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात असलेल्या असईला त्याने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. वॉटर्लूपेक्षाही असईची लढाई तो मोलाची मानत असे. त्याचा चामडी बूट पुढे रबरात ओतला गेला. १८५६ मध्ये एडिंबरोत सुरू झालेल्या नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनीने पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांसाठी असे जवळजवळ बारा लाख जोड पुरवले. दिवसेंदिवस चिखल-पाण्यात उभे राहून सैनिकांचे पाय सडत होते. युद्ध संपल्यावर तो बूट शेतात उतरला, आणि आपल्याकडे गमबूट म्हणून रुळला. पालिकेचे सफाई कामगार, कुक्कुटपालनवाले, पावसात शाळेला निघालेली मुंबईची पोरे, सगळ्यांच्या पायात तो दिसतो. मात्र साध्या गमबुटाने पाणी अडते, लोखंड अडत नाही.

चामड्याच्या बुटाची शाखा वेगळी वाढली आणि तिच्या मुळाशीही गुडइयरच आहे. रबरवाल्याचा मुलगा, धाकटा चार्ल्स गुडइयर, याने १८७० च्या सुमारास वरचे चामडे आणि तळ एका पट्टीच्या आधाराने शिवणारे यंत्र बाजारात आणले. त्या शिवणीला आजही गुडइयर वेल्ट म्हणतात आणि तळ झिजला तर तेवढाच बदलता येतो. यान मात्सेलिगर हा सुरिनाममध्ये जन्मलेला कृष्णवर्णीय कारागीर मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावात बुटाच्या कारखान्यात होता. चामडे फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, ताणून बसवण्याचे काम तोवर केवळ हाताने व्हायचे. त्यासाठी त्याने यंत्र बांधले आणि १८८३ मध्ये पेटंट घेतले. हाताने दिवसाला पन्नासेक जोड व्हायचे, ते शेकड्यांत होऊ लागले आणि बुटांची किंमत निम्म्यावर आली. क्षयाने तो १८८९ मध्ये, चाळिशीही न गाठता गेला. मजुराला चामड्याचा बूट परवडू लागला त्यामागे या माणसाची रात्र-रात्रीची मेहनत आहे. त्याचे नाव बूट घालणाऱ्यांनी विसरू नये.

आता पोलाद. बुटाच्या टोकात पोलादी टोपी बसवणे ही काही अवघड कारागिरी नव्हती. ती बसवायला भाग पाडणारी गोष्ट होती कायदा. जर्मनीत १८८४ मध्ये, ब्रिटनमध्ये १८९७ मध्ये आणि अमेरिकेत १९११ पासून विस्कॉन्सिनने सुरुवात करून एकेक राज्यात अपघात-भरपाईचे कायदे आले. भारतातला कायदा १९२३ चा. कामगाराचा अंगठा ठेचला की मालकाच्या खिशाला झळ बसू लागली, तेव्हा अंगठा वाचवणारा बूट मालकाला स्वस्त वाटू लागला. मिनेसोटातली रेड विंग ही १९०५ सालची कंपनी. १९३० च्या दशकात तिने पोलादी टोपीचे बूट विकायला सुरुवात केली. खाणी, ओतशाळा, रेल्वे, गोद्या इथे ते पसरले. शेत मात्र मागे राहिले. ब्रिटनच्या पहिल्या भरपाई कायद्यात शेतमजूर नव्हताच, त्याला १९०० मध्ये वेगळा कायदा करून आत घ्यावे लागले. अमेरिकेच्या कित्येक राज्यांनी शेतमजुराला दीर्घकाळ बाहेरच ठेवले. आपल्याकडचा १९४८ चा कारखाना कायदा तर नावातच स्पष्ट होता. आजही चाकणच्या कंपनीत गेलेल्या मुलाला सेफ्टी शूज मिळतात आणि घरी रोटाव्हेटर जोडणाऱ्या बापाच्या पायात चप्पल असते. बापाला बूट देणारा मालक नाही. त्याने तो स्वतःच्या पैशाने घ्यायचा आणि स्वतःच्या मर्जीने घालायचा. त्यामुळे शेतावरच्या बुटाला बळकटीइतकाच सुखदपणा लागतो. टोचणारा, तापणारा, जड बूट शेतकरी दोन दिवसांत पडवीत टाकतो आणि त्याला दोष देता येत नाही.

बळकटीची परीक्षा आज बऱ्याच देशांत सारखीच होते. आयएसओ २०३४५ या मानकानुसार २० किलोचा पोलादी ठोकळा साधारण एक मीटरवरून टोपीवर सोडतात, म्हणजे २०० जूलचा आघात. टोपीखाली ओल्या मातीसारख्या मळलेल्या पदार्थाची कांडी ठेवलेली असते. आघातानंतर ती किती चेपली ते मोजतात. ४२ नंबरच्या बुटात किमान १४ मिलिमीटर पोकळी उरलीच पाहिजे. मग १५ किलोन्यूटनचा, म्हणजे दीड टनाच्या आसपासचा दाब देतात. भारतीय मानक आयएस १५२९८ चा दुसरा भाग याच कुळातला आहे. बुटावर तो क्रमांक आणि आयएसआय चिन्ह शोधावे. नुसते 'सेफ्टी' असे छापलेले बूट बाजारात आहेत, त्यांवर विसंबू नये.

पोलादी टोपी चेपली तर बोटेच कापते, म्हणून ती नकोच, ही समजूत फार पसरलेली आहे. 'मिथबस्टर्स' या दूरचित्रवाणी मालिकेने हा प्रयोग करून पाहिला आणि समजूत खोटी ठरवली. टोपी चेपण्याइतका भार पडला तर उघड्या बोटांचे काय झाले असते, हा प्रश्न आधी विचारावा. एक मर्यादा मात्र खरी आहे. टोपी फक्त बोटे झाकते. ट्रॅक्टरचे मागचे चाक पावलावर चढले तर पावलाचा मधला भाग उघडाच असतो.

ट्रॅक्टर आल्यावर शेत पुन्हा लोखंडाचे झाले. हेन्री फोर्डचा फोर्डसन १९१७ मध्ये आला. भारतात १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरचा आणि १९६३ मध्ये मुंबईत कांदिवलीला महिंद्राच्या भागीदारीतला ट्रॅक्टर बनू लागला. बैलाचा खूर पायावर पडणे वेगळे आणि ट्रॉलीची दांडी जॅकवरून घसरणे वेगळे. पलटी नांगर टॉपलिंकला जोडताना, पुढची वजने काढताना, चाक बदलताना एक पाय नेहमीच लोखंडाच्या खाली असतो. धोके तेवढेच नाहीत. ऊस तुटल्यावरचे बुडखे आणि तुरीची-कपाशीची धसकटे तळातून वर घुसतात. त्यासाठी तळात पोलादी पत्रा किंवा घट्ट विणीचा कापडी थर असलेला बूट लागतो. या थराची परीक्षा साडेचार मिलिमीटरच्या खिळ्यावर ११०० न्यूटनचा जोर देऊन घेतात. कापडी थर वाकतो आणि पूर्ण तळवा झाकतो, म्हणून दिवसभर चालणाऱ्याला मी तोच सुचवीन.

सुखद तळाचा शोध एका दुखावलेल्या घोट्याने लावला. १९४५ मध्ये क्लाउस मार्टेन्स हा जर्मन लष्करी डॉक्टर बर्फावर स्कीइंग करताना जखमी झाला. लष्करी बूट सोसेना म्हणून त्याने रबरात हवा कोंडलेला मऊ तळ तयार केला. त्याच्या मित्राबरोबरच्या धंद्यात सुरुवातीची बहुतेक गिऱ्हाइके चाळिशी उलटलेल्या बायका होत्या. १ एप्रिल १९६० रोजी हा तळ इंग्लंडमध्ये कामगारी बुटाला लागला आणि टपालवाल्यांनी, कारखान्यांतल्या माणसांनी तो उचलला. पुढे पॉलियुरेथेनचे हलके तळ आले आणि गेल्या काही दशकांत पोलादाऐवजी काचतंतू-प्लॅस्टिकच्या कॉम्पोझिट टोप्या. त्या हलक्या असतात, उष्णताही फारशी वाहत नाहीत. विदर्भाच्या मे महिन्यात इंजिनजवळ बसणाऱ्याने थोडे जास्त पैसे देऊन त्या घ्याव्यात.

बूट घेताना एक गोष्ट सर्वांत आधी. चामडे घालून-घालून सैल होते, टोपी कधीच होत नाही. करंगळी दुकानातच टोपीच्या कडेला घासत असेल तर ती वर्षभर घासेल. म्हणून संध्याकाळी, पाय फुगलेले असताना, कामाचेच मोजे घालून माप द्यावे आणि नंबर वाढवण्याआधी रुंद पंजाचा फर्मा मागावा. नंबर वाढला की टाच आत सरकते, फोड येतात आणि क्लचवरून पाय निसटतो. टाचेला सपाट तळापासून वेगळी, उभी कड असावी. ट्रॅक्टरच्या ओल्या पायरीवर तीच धरते. तळाची नक्षी खोल पण विरळ हवी. विताले ब्रामानी या इटालियनाने १९३७ मध्ये गिर्यारोहकांसाठी केलेली खोल खाचांची नक्षी खडकावर उत्तम, पण आपली काळी माती दाट खाचांत बसली की प्रत्येक बुटाला किलोभर चिखल लागतो.

फवारणीला चामडी बूट घालू नयेत. चामडे औषध शोषते आणि दुसऱ्या दिवशी तेच पायाला लावते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, हे आपल्याला ठाऊक आहे. फवारणीसाठी टोपी आणि तळात पत्रा असलेला गमबूट घ्यावा, मानकाच्या भाषेत एस५, आणि पँटचा पाय बुटात खोचू नये; बाहेर सोडावा, म्हणजे ओघळ आत जात नाही. भातखाचरात, गोठ्यातही हाच बूट. आणि पॉलियुरेथेनचे तळ कितीही चांगले असले तरी दमट हवेत त्यांचे आयुष्य मोजके असते. कोकणात खोक्यात जपून ठेवलेला कोरा बूटही काही वर्षांनी तळाशी भुगा होतो. स्वस्त मिळतात म्हणून दोन जोड साठवून ठेवू नयेत.

बायकांच्या बुटाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. खुरपणी, लावणी, वेचणी बायका करतात, ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, आणि सेफ्टी बूट सहसा पुरुषांच्या फर्म्यावर बेतून लहान नंबरात विकले जातात. बाईच्या पायाची टाच पंजाच्या मानाने अरुंद असते. पुरुषी बूट तिच्या पंजाला बसला तर टाचेत सुटतो. बायकांच्या फर्म्यावरचे, हलक्या टोपीचे बूट भारतात बनतात, पण तालुक्याच्या दुकानात क्वचितच दिसतात. तिथे ते मागून घ्यावे लागतात, आणि दोन-चार जणींनी मिळून मागितले तर दुकानदार पुढच्या खेपेला आणतो.