वन्स मोअर

'वन्स मोअर' हे दोन शब्द इंग्रजी आहेत, हे कळायच्या कितीतरी आधी मी ते घरात शिकलो. आमटीची वाटी पुढे करताना आमचे अण्णा 'वाढ' म्हणत नसत, 'वन्स मोअर' म्हणत. आई म्हणायची, "अहो, ही आमटी आहे, बालगंधर्व नव्हेत!" त्यावर अण्णा गंभीरपणे म्हणायचे, "म्हणून तर एकदाच मागतोय."

अण्णांनी तरुणपणी गंधर्व नाटक मंडळीचं 'स्वयंवर' पाहिलं होतं. 1916 साली रंगभूमीवर आलेलं खाडिलकरांचं हे नाटक, चाली भास्करबुवा बखल्यांच्या आणि रुक्मिणी म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व. नाटक रात्री सुरू व्हायचं. संपायचं केव्हा, ते प्रेक्षक ठरवायचे. पद आवडलं की 'वन्स मोअर'! कथानक जागच्या जागी थांबायचं. तिकडे श्रीकृष्ण विंगेत ताटकळतोय, मुहूर्त टळायची वेळ आलीय, पण रुक्मिणीचं पद तिसऱ्यांदा चाललंय आणि कुणाचीच तक्रार नाही. अण्णांचं म्हणणं, "लग्न काय हो, कधीही होतं!"

पण 1931 साली 'आलमआरा' आला, 1932 मध्ये 'अयोध्येचा राजा' मराठीतून बोलू लागला आणि नाटक मंडळ्यांचे पाय डळमळू लागले. गंधर्वांच्या डोक्यावर कर्ज होतंच. अखेर 1935 मध्ये ते पुण्याच्या प्रभातच्या 'धर्मात्मा'त उभे राहिले. दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीत मास्टर कृष्णरावांचं. चित्रपटाचं नाव आधी 'महात्मा' होतं. त्यात सेन्सॉरला गांधीजी दिसले, म्हणून 'धर्मात्मा' झालं. भूमिका संत एकनाथांची. ज्यांच्या नऊवारीची नि दागिन्यांची नक्कल घरोघरच्या बायका करीत, ते गंधर्व सत्तेचाळिशीत पडद्यावर पुरुष म्हणून आले. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. आपली रुक्मिणी हरवली आणि तिच्या जागी तिचे वडील आले, असं काहीतरी!

मला वाटतं, खरी अडचण वेगळीच असावी. कॅमेऱ्याला टाळी वाजवता येत नाही. समोर माणसं बसली आहेत, त्यांनी मान डोलावली की तान आणखी फुलते, ही गंधर्वांची सवय. इथे समोर एक काचेचा डोळा, आणि गाणंसुद्धा बेतून दिलेल्या कापडासारखं, इतकंच फूट. 'वन्स मोअर' तिथेही होता म्हणा, पण त्याला रीटेक म्हणतात. नाटकात छान झालं म्हणून पुन्हा. सिनेमात बिघडलं म्हणून पुन्हा! त्या एका चित्रपटानंतर गंधर्व आणि प्रभात यांचे रस्ते वेगळे झाले. 1937 मध्ये 'साध्वी मीराबाई'त ते स्त्रीवेषात पडद्यावर आले, पण जीव रंगभूमीवर होता; तिथेच परतले.

हे दोन्ही प्रकारचे वन्स मोअर मी एकाच रात्री अनुभवले आहेत. वाडीच्या गणेशोत्सवात मला शिपायाचं काम होतं. वाक्य एकच, "महाराज, शत्रू वेशीवर आला!" भाला सावरत मी धावत गेलो आणि ओरडलो, "महाराज, वेस शत्रूवर आली!" मांडवातून एकमुखाने 'वन्स मोअर' आला. मी प्रामाणिकपणे आत गेलो, पुन्हा धावत आलो आणि पुन्हा वेसच शत्रूवर घातली. घरी येताना मी रडकुंडीला आलो होतो. अण्णांनी खांद्यावर हात ठेवला. "वेड्या, पहिल्याच प्रयोगात वन्स मोअर! भाग्य लागतं."

पुढे अण्णा म्हातारे झाले आणि 'स्वयंवर'ची ती रात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. पोस्टमन, दूधवाला, विम्याचा एजंट, कुणी सुटायचं नाही. पडदा कसा वर गेला, ऑर्गनचा पहिला सूर कसा आला, सगळं साग्रसंगीत. एकदा ऑफिसला निघायच्या घाईत मी म्हणालो, "अण्णा, हे तुम्ही शंभरदा सांगितलंय."

"हो का?" एवढंच ते म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं.

त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी ती गोष्ट कधी काढली नाही. आणि ते माझ्या लक्षात आलं केव्हा, तर ते गेल्यावर. घरी भेटायला आलेले एकेकजण ती रात्र मलाच ऐकवू लागले तेव्हा! विम्याच्या एजंटाला तर पहिल्या अंकाचे प्रवेशसुद्धा क्रमाने पाठ होते.

आता मोबाइलवर बोट लावलं की गंधर्व गाऊ लागतात. तीन-साडेतीन मिनिटांची जुनी तबकडी. संपली की पुन्हा बोट. हवे तितके वन्स मोअर, आणि टाळी एकही नाही. ऐकताना मला अण्णांच्या गोष्टीचा शेवट आठवतो. नाटक सुटलं तेव्हा पहाट झाली होती, टांग्याला पैसे नव्हते, आणि अण्णा एक पद गुणगुणत तीन मैल चालत घरी आले.

पद कोणतं, ते मला आठवत नाही. शंभरदा ऐकूनसुद्धा.